नेपियरचा करार करावा की गोठ्यावर बायोगॅस? देपालपूरची २२ बिघे काळी जमीन

देपालपूरची_वाट:
नमस्कार मंडळी. राहणं इंदुरात, शेती देपालपूर तहसिलीत. २२ बिघे, सगळी काळी. सोयाबीन-गहू, कडेला थोडा लसूण आणि बटाटा. बोरिंग दोन, त्यातलं एक एप्रिलनंतर नावापुरतंच. गोठ्यात ६ म्हशी, ४ गायी, सगळ्या बांधून असतात. घरात माणसं ६.

सध्या गावात सीबीजी (शुद्ध करून दाबाखाली भरलेला बायोगॅस) प्लांटचा एक एजंट फिरतोय. म्हणतो, १२ बिघ्यांत नेपियर गवत लावा, ५ वर्षांचा करार, हिरव्या गवताला टनामागे १००० रुपये, हेक्टरी २०० टन कुठे गेलं नाही. प्लांट अजून कागदावर आहे. दुसरीकडे पंचायतीतून घरगुती बायोगॅसच्या अनुदानाची माहिती मिळाली.

विचारायचंय ते असं: हे एजंट अचानक कुठून उगवले? नेपियरचा हिशोब खरंच बसतो का? आणि गोठ्यावरचा प्लांट काळ्या जमिनीत टिकतो का? गावातले दोन जुने प्लांट बंद पडलेले आहेत, म्हणून शंका.

घनमीटर:
एजंट उगवले ते दिल्लीतल्या एका टक्केवारीमुळे. २०१८ च्या ऑक्टोबरात केंद्राची ‘सतत’ नावाची सीबीजी योजना आली तेव्हा उद्दिष्ट होतं २०२३ पर्यंत ५००० प्लांट. तेल कंपन्या गॅस ठरल्या भावाने उचलणार, सुरुवातीचा भाव किलोला ४६ रुपये. प्रत्यक्षात पाच-सात वर्षांनंतरही सुरू झालेल्या प्लांटची संख्या शे-दीडशेच्या आतबाहेर. भाव होता, पण घेणाऱ्यावर सक्ती नव्हती, आणि कच्चा माल कुठून येणार याचं उत्तर कोणाजवळ नव्हतं.

मग नोव्हेंबर २०२३ मध्ये सक्ती आली. शहरांत सीएनजी आणि घरगुती पाइप गॅस विकणाऱ्या कंपन्यांनी त्यात सीबीजी मिसळायचा: २०२५-२६ मध्ये १ टक्का, २०२६-२७ मध्ये ३, २०२७-२८ मध्ये ४ आणि २०२८-२९ पासून ५ टक्के. शिवाय २०२१-२२ ते २०२५-२६ च्या कार्यक्रमात केंद्राचं भांडवली अनुदान होतं, दिवसाला ४८०० किलोच्या नव्या प्लांटला ४ कोटी, एका प्रकल्पाला जास्तीत जास्त १० कोटी. म्हणजे गिऱ्हाईक पक्कं झालं. आता ओढाताण मालाची आहे आणि ती तुमच्या बांधापर्यंत आलीय.

माल कुठला किती गॅस देतो ते बघा, म्हणजे नेपियर का म्हणतात ते कळेल. आपल्या इंदूरच्या देवगुराडियाचा प्लांट फेब्रुवारी २०२२ मध्ये सुरू झाला तो दिवसाला ५५० टन ओल्या कचऱ्यातून १७,००० किलो गॅस या क्षमतेचा. टनाला ३१ किलो. पण तो कचरा घराघरात वेगळा केलेला असतो, म्हणून हा आकडा. इतर शहरांत प्लास्टिक आणि माती मिसळलेला कचरा येतो, त्यात पंप आणि ढवळणी अडकतात. शेण टनाला १५ ते २० किलो देतं, कारण जनावराने सोपा भाग आधीच पचवलेला असतो. हिरव्या नेपियरात २० टक्के सुकं धरलं तर टनाला सुमारे ३० किलो, आणि मालाचा दर्जा रोज एकसारखा. गव्हाच्या भुशात टनामागे गॅस बराच जास्त निघतो, पण लिग्निन (काडीतला न पचणारा कठीण भाग) फार. १-२ सेंटिमीटरपर्यंत कापलं नाही तर वर तरंगून जाड साय धरते, आत जिवाणूंना पचत नाही, आणि नत्र कमी म्हणून शेण मिसळावंच लागतं.

आता जमिनीचा हिशोब. ५ टन गॅसचा प्लांट फक्त नेपियरवर चालवायचा तर रोज साधारण १६५ टन हिरवं गवत. वर्षाला ३३० दिवस धरले तर ५४-५५ हजार टन. हेक्टरी २०० टन निघाले तर २७५ हेक्टर, म्हणजे ११०० बिघे. १२० टनच निघाले तर १८०० बिघे. एजंट एका गावात का थांबत नाही, ते यावरून समजून घ्या.

काळी_माती:
२०० टन हा आकडा कागदावर खोटा नाही, पण तो बारमाही पाण्याचा आहे. तुमचं एक बोरिंग एप्रिलला आटतं म्हणता, तिथेच गणित मोडतं. नेपियरला हिवाळ्यात १०-१५ दिवसांनी आणि उन्हाळ्यात आठवड्याला पाणी लागतं. सोयाबीन पावसावर येतं, गव्हाला चार-पाच पाणी पुरतात, आणि एप्रिल-मे मध्ये शेत रिकामं असतं. नेपियर लावलं की हेच दोन महिने सर्वांत जास्त उपशाचे होतात. आपल्याकडे भूजलाचा उपसा आधीच पावसाने होणाऱ्या भरण्यापेक्षा जास्त चाललाय. त्यात डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत वाढ बसते. म्हणून तुमच्या जमिनीवर मी १२० टनच धरीन.

१२ बिघे म्हणजे ३ हेक्टर. २०० टनांनी ६ लाख, १२० टनांनी ३ लाख ६० हजार. समोर गहू-सोयाबीन ठेवा: गहू हेक्टरी ४५ क्विंटल, २०२६-२७ च्या हंगामाचा हमीभाव २५८५, म्हणजे १ लाख १६ हजार. सोयाबीन १२ क्विंटल, २०२५-२६ चा हमीभाव ५३२८, म्हणजे ६४ हजार. मंडीत सोयाबीन हमीभावाखाली जातं हे मान्य, तरी ३ हेक्टरचे ५ लाखांच्या आसपास होतात, वर भूसा घरचा. तुमच्याकडे १० जनावरं आहेत, भूसा विकत घ्यावा लागला तर तो खर्च नेपियरच्या खात्यात टाका. खर्च दोन्हीकडे आहेतच, पण कापणी आणि भराई कोण करणार हे एजंटने सांगितलं का? समजा टनाला २५० रुपये तुमच्या खिशातून गेले, तर १००० चे ७५० झाले.

लावायचंच असेल तर दोन डोळ्यांच्या कांड्या, ९० बाय ६० सेंटिमीटर, हेक्टरी साधारण १८,५०० कांड्या. पहिली कापणी ७०-७५ दिवसांनी. चाऱ्यासाठी पुढे ४५ दिवसांनी कापतात, गॅससाठी ६०-७५. त्यापुढे ठेवलं तर वजन वाढतं पण काडी टणक होते. शेतकऱ्याला वजन हवं असतं, प्लांटला कोवळीक. भांडण इथेच होतं, आणि काट्यावर प्लांटवालाच बसलेला असतो.

अन्नद्रव्यांचं कोणी बोलत नाही. १२० टन हिरव्यात २४ टन सुकं, त्यातून हेक्टरी ३०० किलोच्या आसपास नत्र शेताबाहेर जातं, पालाश तर त्याहूनही जास्त. प्लांटमध्ये ते नष्ट होत नाही, फक्त गॅस जातो. एका टनातले ९० ते १०० किलोच गॅस होऊन उडतात, बाकी ९०० किलो स्लरी. ती परत शेतात आली नाही तर तीन वर्षांत जमीन उघडी पडेल. ट्रॉली जाताना भरून आणि येतानाही भरून आली पाहिजे, आणि हा परतीचा खर्च कोणाचा ते करारात लिहिलेलं नसतं.

नाल्याकाठची दोन-तीन बिघे पाणथळ असतील, जिथे सोयाबीन दर वर्षी पिवळं पडतं, तिथे नेपियर लावा, हरकत नाही. जनावरांनाही होईल. पण तेही उंच वरंब्यावर लावा. पाणी तुंबलं तर नेपियरची मुळंही कुजतात.

राइनकाठ:
जर्मनीतून बोलतोय, इथला अनुभव धोरणाच्या बाजूने उपयोगी पडेल. २००० च्या अक्षय ऊर्जा कायद्यात २००४ मध्ये बदल करून ऊर्जेसाठी मुद्दाम पिकवलेल्या पिकांवर जादा दर दिला. शेतकऱ्यांनी सरळ हिशोब केला आणि मका लावला. गॅस भरपूर, लावणी सोपी. प्लांट ९००० च्या पुढे गेले, पण दुग्धव्यवसायाच्या भागांत जमिनीचं भाडं वाढलं आणि चाऱ्यासाठी जमीन घेणारे मागे पडले. मग २०१२ मध्ये सरकारला मका आणि धान्यावर वजनाने ६० टक्क्यांची मर्यादा घालावी लागली, पुढे ती ५० आणि २०२१ मध्ये ४० टक्के केली. त्याच २०१२ च्या बदलात ७५ किलोवॅटपर्यंतच्या लहान प्लांटसाठी, ज्यात ८० टक्के शेणमूत असेल, वेगळा चांगला दर ठेवला.

भारतातल्या सक्तीत गॅस कशाचा हे विचारलं जात नाही. शेणाचा एक किलो आणि नेपियरचा एक किलो सारखाच मोजला जातो. तसं असलं की माल सर्वांत सोप्या वाटेने येतो, आणि सोपी वाट म्हणजे सपाट, पाण्याची, रस्त्यालगतची जमीन.

खसरा_नक्कल:
कराराचं बघू. आपल्याकडे मध्य प्रदेशात २०१६ चा भूमिस्वामी (जमीनमालक) आणि बटाईदारांच्या (वाट्याने कसणाऱ्यांच्या) हितसंरक्षणाचा कायदा आहे. त्यात ५ वर्षांपर्यंतचा लेखी करार साध्या कागदावर होतो आणि त्याची एक प्रत तहसीलदाराकडे जाते. तो नीट केला तर जमिनीवरची मालकी धोक्यात येत नाही. पण आधी हे पक्कं करा की कंपनी जमीन भाड्याने घेतेय की फक्त गवत विकत घेतेय. दोन्ही कागद वेगळे. एजंट बोलताना दोन्ही एकत्र करतात.

गवत-खरेदीचा करार असेल तर या गोष्टी लिहून घ्या. वजन कुठल्या काट्यावर आणि तोलपावती जागेवर. भाव ओल्या वजनाचा की सुक्या अंशाचा. सुक्याचा असेल तर नमुना कोण काढणार आणि एक भाग तुमच्याकडे सीलबंद राहणार की नाही. तयार झाल्यावर किती दिवसांत उचल, न उचलल्यास काय. प्लांट बंद असला तरी किमान किती टन उचलणार. पैसे किती दिवसांत. स्लरी किती परत, कोणाच्या खर्चाने. आणि मुख्य, प्लांट ठरल्या तारखेला सुरूच झाला नाही तर तुम्ही मोकळे. ही अट नसेल तर मी सही करणार नाही, बाकी अटी कितीही गोड असोत.

दुसरं, गिरदावरीत (तलाठ्याच्या पीकपाहणीत) नेपियर चढलं की त्या खसऱ्यावर (गट नंबरावर) गव्हाची हमीभाव-नोंदणी होणार नाही. नेपियर पीक विम्यात अधिसूचित नाही, म्हणजे गारपिटीने लोळलं तर विम्यातून काही नाही. किसान क्रेडिट कार्डावरची कर्जमर्यादाही पिकाप्रमाणे ठरते, तेव्हा बँकेत आधी विचारा. आणि ५ वर्षांनी गहू परत आणायचा तर ठोंब खणावे लागतात. नांगर, रोटाव्हेटर, पुन्हा नांगर, तरी पहिल्या गव्हात गवत उगवतंच. हा खर्च कोणाचा?

एजंटला सांगून बघा की नेपियर नको, नरवाई (कापणीनंतर शेतात उरलेली गव्हाची धसकटं) घ्या. १ मे २०२५ पासून नरवाई जाळणाऱ्याला मुख्यमंत्री किसान कल्याण योजनेचे पैसे बंद आणि पुढच्या वर्षी हमीभावाची खरेदी बंद, असं सरकारने ठरवलंय. कापून, बांधून, उचलून न्यायची तयारी असेल तर दोघांचंही काम होईल. बहुतेक नाही म्हणतील. बेलरचं (गाठी बांधणाऱ्या यंत्राचं) भाडं आणि पावसाळ्यात गाठी साठवायला शेड लागते, म्हणून.

देपालपूरची_वाट:
सगळ्यांचे आभार. नाल्याकाठची ३ बिघे आहेतच, तिथलं बघतो. आता गोठ्याचं सांगा. १० जनावरांवर किती मोठा? ६ घनमीटर घ्यावा असं पंचायतीत म्हणाले, अनुदान जास्त म्हणून.

डोम_मिस्त्री:
अनुदान बघून साइज ठरवला की प्लांट उपाशी राहतो. गावातले बंद प्लांट बघा, बहुतेक याच रोगाने गेलेले असतात.

हिशोब असा: म्हैस दिवसाला १५ किलो, गाय १० किलो, म्हणजे १३० किलो. सांडलेलं, गोवऱ्यांना गेलेलं वजा करा, हाती १०० किलो. २५ किलो शेणाला १ घनमीटर गॅस, म्हणजे ४ घनमीटरचा प्लांट. १ घनमीटर म्हणजे साधारण ४३० ग्रॅम एलपीजी. ४ घनमीटरचे दिवसाला १.७ किलो, महिन्याला साडेतीन सिलिंडर. ६ माणसांच्या स्वयंपाकाला २ घनमीटर पुरतो. मग उरलेल्याचं काय? गोठ्यातलं पाणी तापवा, दूध तापवा, पण हवेत सोडू नका. मिथेन कार्बन डायऑक्साइडपेक्षा कितीतरी पट घातक. वापर नक्की नसेल तर २ चाच बांधा, रोज ५० किलो शेण आणि ५० लिटर पाणी. केंद्राच्या २०२१-२२ ते २०२५-२६ च्या कार्यक्रमात २ ते ४ घनमीटरला एकच अनुदान होतं, १४,३५० रुपये, संडास जोडला तर १६०० वर. अर्जाच्या वेळी चालू दर बघा, आणि मंजुरीआधी खड्डा खणू नका.

४ घनमीटरला दीनबंधू मॉडेल बरं, विटांचं, जमिनीखाली. आपल्या हवामानात ४० दिवसांचा मुक्काम धरतात: रोज २०० लिटर घोळ गुणिले ४० म्हणजे ८००० लिटरचं पोट.

काळ्या जमिनीचं भय खरं आहे. पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगा पडतात, आणि घुमट गळ्याशी तडकतो. पाण्याची गळती दिसते, गॅसची दिसत नाही, म्हणून लोक म्हणतात शेण नीट नाही. म्हणून मुरूम लागेपर्यंत खणा. माळव्यात बऱ्याच ठिकाणी तो फार खोल नसतो. नाहीच लागला तर तळाखाली आणखी ६० सेंटिमीटर काळी काढून मुरूम आणि रेती १५-१५ सेंटिमीटरच्या थरांत पाणी मारून ठोका. भिंतीभोवतीही खणलेली काळी परत टाकू नका, मुरूमच. विहिरीपासून १५ मीटर लांब. पावसाळ्यात टाकी रिकामी ठेवू नका, भूजल वर आलं की खालून दाब येऊन तळ उचलतो. आतून सिमेंटचा गिलावा तीन हातांत, घुमटाच्या वरच्या भागाला त्यावर एपॉक्सी रंग.

शेण भरण्याआधी दोन तपासण्या. टाकी पाण्याने भरा, पहिला दिवस विटा पाणी पितात तो सोडा, नंतर पातळी स्थिर हवी. मग गॅस-पाइपला यू-नळी (दाब दाखवणारी, पाणी भरलेली वाकडी नळी) लावून हवा दाबा आणि २४ तास बघा. पातळी उतरली तर साबणाचा फेस लावून जागा शोधा. मिस्त्रीचे शेवटचे पैसे या तपासणीनंतर द्या.

पहिल्या भरणीला ४ टन शेण लागतं, ते आधीपासून साठवा, पण सुकू देऊ नका. चालू प्लांटची स्लरी १० टक्के मिळाली तर पेटायला वेळ कमी. पहिला गॅस जळत नाही, त्यात कार्बन डायऑक्साइड जास्त असतो. तो उघड्यावर सोडा, काडी लावून बघत बसू नका.

रोजचं काम म्हणजे शेण-पाणी १ ला १, हाताने कालवून, काड्या आणि खडे काढून. माती आली की तळाला बसते आणि पोट लहान होत जातं. फिनाइल, डिटर्जंट, गोठा धुतलेलं औषधाचं पाणी आत गेलं की जिवाणू मरतात. गॅस एकदम बंद झाला तर आधी हेच विचारा. पाइपला शंभराला एक उतार, सर्वांत खालच्या जागी पाणी काढायची तोटी. आच लपलप करायला लागली की पाइपात पाणी साचलंय. शेगडी बायोगॅसचीच घ्या. एलपीजीच्या शेगडीचा जेट बारीक असतो, त्यावर अशक्त आच येते.

जानेवारीत गॅस निम्म्यावर येईल, हे आधीच धरून चाला. इंदुरात रात्री ८-१० अंशांवर जातं, आणि घोळ १५ च्या खाली गेला की जिवाणू झोपतात. घोळाला उन्हात तापलेलं पाणी वापरा, शेण ताजंच टाका, घुमटावर भुशाचा जाड थर द्या. सावलीत, चिंचेखाली प्लांट बांधू नका. मुळंही विटांत शिरतात.

सयाजीगंज:
बडोद्याहून. इथून जवळ आणंद जिल्ह्यात, बोरसद तालुक्यातल्या झकरियापुऱ्यात एनडीडीबीने (राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाने) घराघरात लहान प्लांट देऊन स्लरी विकत घेण्याची पद्धत बसवली. स्लरीला लिटरमागे ७५ पैसे ते २ रुपये, दर्जाप्रमाणे. त्यामुळे बायका रोज प्लांट भरतात. गॅस फुकटचा झाला की आळस येतो, स्लरीचे पैसे आले की येत नाही. बनासकांठ्यात बनास डेअरीचा प्लांट रोज ४० टन शेणावर सीएनजी करतो, म्हणजे जमीन न अडवता शेणावरच चालतं. पण तिथे दूध गोळा करणारी गाडीच शेणाचा हिशोब ठेवू शकते. तुमच्याकडे गावात दुधाची समिती असेल तर आधी तिथे विचारा.

देपालपूरची_वाट:
समिती आहे. ४ चा बांधला तर रोज २०० लिटर स्लरी घरच्याच शेतात कशी द्यायची? गव्हाला पाण्यात सोडली तर पाइप तुंबतात असं ऐकलंय.

काळी_माती:
ठिबक आणि तुषारात सोडू नका, तुंबणारच. बाहेरच्या तोंडाशी दोन खड्डे करा, एक भरताना दुसऱ्याचं वरचं पाणी निथळू द्या. पातळ भाग पाटाच्या पाण्याला हौदातून हळू सोडा, पेरणीनंतर पहिल्या आणि दुसऱ्या पाण्याला. घट्ट भागात सुकी पानं किंवा सोयाबीनचा कुटार घाला, सावलीत ठेवा आणि मे अखेर शेतात पसरून लगेच वखर फिरवा. उन्हात उघडा ठेवला तर नत्र अमोनिया होऊन उडतं, वास येतो तो तुमच्या युरियाचाच समजा. लसणाच्या ओळीला ताजी स्लरी देऊ नका, कांदा-लसणाला कूज लागते. तिथे महिनाभर मुरलेलीच. आणि पहिल्या वर्षी युरिया एकदम बंद करू नका, चौथा भाग कमी करून गव्हाच्या पानाचा रंग बघा.